भीमगडच्या रानातील एक गुहा



आज मी आपणांला एका गुहेची हकीकत सांगणार आहे. प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे मागाहून कोणी उणे काढायला नको. ही गुहा मी आतून पाहिलेली नाही. तिच्या रानात दोनदा जाऊन आलो, तिच्या शेजारच्या गावी बसून चहा प्यालो, पण गुहेत पाऊल टाकले नाही. पाहिली नाही त्या जागेवर व्याख्यान देणारा हा कसला प्राध्यापक, असे आपणांला वाटेल. पण न जाण्याचे कारण आहे, आणि ते बोलण्याच्या ओघात येईलच.

आधी ती जागा कुठे आहे ते सांगतो. बेळगावहून दक्षिणेला खानापूर. खानापूरपर्यंत शेते, उसाचे मळे, वीटभट्ट्या असा आपल्या ओळखीचा मुलूख लागतो. तिथून पश्चिमेला हेम्माडग्याच्या वाटेने निघाले, की हळूहळू झाडे रस्त्यावर झुकू लागतात. भाताची खाचरे लहान होत जातात, घरे विरळ होतात, आणि मग एकदम रान सुरू होते. हे सह्याद्रीचे रान. पलीकडे उतरले की गोवा. उत्तरेला महाराष्ट्राची हद्दही फार दूर नाही. राज्य कर्नाटकाचे, पण या रानातल्या वाड्यांवर घरात बोलली जाते ती मराठी. तळेवाडी, गवळी, कृष्णापूर, पास्टोली, कोंगळा ही गावांची नावे ऐकली म्हणजे आपल्याच तालुक्यात आल्यासारखे वाटते.

या रानाच्या मध्यावर भीमगड हा शिवकालीन किल्ला उभा आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ही जागा फार मोक्याची. चहूकडून तुटलेले कडे आणि खाली म्हादईचे खोरे. आज बुरूज ढासळले आहेत, तटावर झाडे उगवली आहेत. त्याच्या नावावरूनच भोवतालच्या सुमारे १९० चौरस किलोमीटर रानाला भीमगड अभयारण्य म्हणतात. कर्नाटक सरकारने डिसेंबर २०११ मध्ये ते जाहीर केले. गोव्याच्या बाजूचे म्हादई अभयारण्य १९९९ चे. दोन्ही राज्यांची राने एकमेकांना लागून आहेत. वाघ, गवे, अस्वले, रानकुत्रे, शेकरू, धनेश यांना हद्दीचे दगड काही वाचता येत नाहीत; ती मोकळी फिरतात.

पाण्याचीही इथे गंमत आहे. म्हादई याच रानात उगम पावते, पश्चिमेला धावते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. आणि शेजारीच, कणकुंबीला, मलप्रभा उगवते. ती मात्र पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. एकाच डोंगराच्या पाठीवर पडलेला पाऊस, पण कुठे पडला यावर त्याचा समुद्र ठरतो. भूगोलाच्या शिक्षकाला जलविभाजक शिकवायला यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही. या पाण्यावरून तीन राज्यांत वाद पेटला, २०१० साली लवाद नेमला गेला, त्याने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, आणि तरी वाद काही मिटला नाही. तो आजचा विषय नव्हे.

आजचा विषय आहे बारापेड्याची गुहा. तळेवाडीच्या रानात ही गुहा आहे. तिच्यात देव नाही, लेणी नाहीत, शिलालेख नाही. पांडवांनी एका रात्रीत खोदली अशी कथाही मला कोणी सांगितली नाही. तिच्यात वटवाघळे राहतात. पण या वटवाघळांचे नाव लंडनपर्यंत जाऊन पोचले आहे, ते कसे, ते ऐका.

१९११ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने एक मोठे काम हाती घेतले. आपल्या देशात सस्तन प्राणी, म्हणजे पिलांना दूध पाजणारे प्राणी, कोणते आणि कुठे कुठे आहेत याची पाहणी. वाघसिंह सर्वांना माहीत होते. माहीत नव्हते ते उंदीर, चिचुंद्र्या, खारी आणि वटवाघळे. संस्थेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडली, नमुने गोळा केले, प्रत्येक नमुन्याला जागेची आणि तारखेची चिठ्ठी बांधली आणि ते लंडनच्या संग्रहालयात पाठवले. तिथे ओल्डफील्ड थॉमस नावाचे गृहस्थ बसत. सस्तन प्राणी ओळखण्यात त्या काळी त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या जोडीला रॉबर्ट चार्ल्स रॉटन होते. हे रॉटनसाहेब पूर्वी आपल्याच मुंबई इलाख्यात जंगल खात्याचे अधिकारी. इथे असताना त्यांना मुंग्यांचा नाद होता; निवृत्तीनंतर विलायतेस जाऊन ते या पाहणीच्या कामाला लागले.

बारापेड्याच्या गुहेतून गेलेले वटवाघूळ थॉमससाहेबांच्या मेजावर आले, आणि त्यांच्या ध्यानात आले की हे पूर्वी कोणी नोंदलेले नाही. १९१३ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि सहकाऱ्याच्या सन्मानार्थ त्याला रॉटन यांचे नाव दिले. तेव्हापासून शास्त्रात ते ‘ओटोमॉप्स रॉटनी’. मराठीत आपण त्याला ‘रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ’ म्हणू. जागेच्या पत्त्यात कॅसलरॉकचे नाव येते, कारण बाहेरच्या माणसाला ठाऊक असलेले जवळचे ठिकाण म्हणजे गोव्याच्या रेल्वेमार्गावरचे ते स्टेशन.

मुक्तपुच्छ म्हणजे काय? बहुतेक वटवाघळांची शेपटी दोन पायांमधल्या कातडीच्या पडद्यात गुरफटलेली असते. याची शेपटी त्या पडद्याच्या बाहेर, उंदरासारखी मोकळी दिसते. त्याच्या घराण्यातल्या साऱ्यांचीच तशी असते. पण खरी ओळख कानांची. मोठे, पुढे झुकलेले कान, आणि दोन्ही कान नाकाडावर येऊन एकमेकांना जोडलेले, जणू कोणी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आहे. अंगावर चॉकलेटी रंगाची मखमली लव, मानेमागे फिकट राखी पट्टा, कडेने पांढरी बारीक किनार. पंख लांब आणि अरुंद. वटवाघूळ म्हटले की आपण तोंड वाकडे करतो. पण हे, चित्रात पाहिले तरी, देखणे आहे असेच म्हणावे लागते.

आता मुख्य गोष्ट. १९१३ नंतर वर्षे गेली. दोन महायुद्धे झाली, देश स्वतंत्र झाला, गोवा मुक्त झाला. प्राणिशास्त्राची पुस्तके निघाली. आणि प्रत्येक पुस्तकात या वटवाघळापुढे पत्ता एकच: बारापेडे, तळेवाडीजवळ. शास्त्रज्ञांना साऱ्या जगात दुसरी जागा ठाऊक नव्हती. जवळजवळ नव्वद वर्षे हीच स्थिती होती. एका जातीच्या प्राण्याची सारी ज्ञात वस्ती एका गुहेच्या छपराला लटकलेली! एखाद्या टारगट पोराने मिरच्यांचा धूर केला असता, एखाद्या वणव्याने तोंड कोंडले असते, तर एका संध्याकाळी पृथ्वीवरची एक जात, निदान आपल्या माहितीपुरती, संपली असती.

पुढे, या शतकाच्या आरंभी, दोन बातम्या आल्या. कंबोडियात हे वटवाघूळ सापडले. आणि आपल्याच देशात, तिकडे ईशान्येला, मेघालयाच्या चुनखडीच्या गुहांत त्याच्या आणखी वसाहती आढळल्या. बेळगावहून मेघालय दोन हजार किलोमीटरांच्या घरात. मधल्या एवढ्या मुलखात ते कुठे आहे की नाही? शोधायचे कोणी? रात्री उंचावरून वेगाने उडणारा प्राणी, आणि दिवसा कपारीत दडलेला.

या शोधांचा एक चमत्कारिक परिणाम झाला, तो शिक्षकबंधूंनी लक्षात घेण्यासारखा आहे. दुर्मीळ प्राण्यांची जी जागतिक यादी असते, तिच्यात हे वटवाघूळ पूर्वी ‘अतिशय संकटात’ या वर्गात होते. २००८ साली त्याला ‘माहिती अपुरी’ या वर्गात टाकले. म्हणजे पास झाले असे नव्हे. वर्गात एखादा मुलगा परीक्षेला बसलाच नाही, तर आपण त्याच्या नावापुढे गुण मांडत नाही, रेघ मारतो. तशी ही रेघ आहे. वर्तमानपत्रात मात्र अशी बातमी ‘धोका टळला’ म्हणून येण्याची भीती असते.

नमुना हातात असूनही ओळख पटायला किती काळ जातो, त्याचे दुसरे उदाहरण देतो. १९४८ साली तामिळनाडूतल्या डोंगरात फळे खाणारे एक वटवाघूळ पकडले गेले. ते मुंबईला सोसायटीच्या संग्रहात आले, नेहमीच्याच एका जातीचे म्हणून त्यावर चिठ्ठी लागली, आणि ते तसेच पडून राहिले. १९७२ साली थायलंडच्या एका अभ्यासकाने ते नीट पाहिले, तेव्हा कळले की ही वेगळीच जात. तिला डॉ. सालिम अलींचे नाव मिळाले. चोवीस वर्षे ते चुकीच्या नावाखाली पडून होते!

आता आपण म्हणाल, मास्तर, हे सारे खरे, पण अंधारात हा प्राणी चालतो कसा? हा प्रश्न इटलीतल्या स्पालांझानी नावाच्या धर्मगुरूला १७९३ साली पडला होता. त्याने वटवाघळांचे डोळे निकामी केले, तरी ती बिनचूक उडाली आणि पोटभर किडे खाऊन परत आली. हा प्रयोग क्रूरच, आज कोणी करू देणार नाही. मग जिनीव्हाच्या झुरीन नावाच्या शस्त्रवैद्याने वटवाघळांचे कान बंद करून पाहिले, तेव्हा ती भिंतींवर आपटू लागली. याचा अर्थ ती कानांनी पाहतात! लोकांनी या म्हणण्याची थट्टा केली. ज्या खोलीत माणसाला काहीच ऐकू येत नाही, तिथे ऐकायचे काय? उत्तर मिळायला १९३८ साल उजाडले. अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्याने एका यंत्रापुढे वटवाघूळ धरले, आणि आपल्या कानांना न कळणारी त्याची ओरड यंत्राने पकडली. आपला कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकतो. वटवाघळाचा आवाज बहुधा त्याच्या वर असतो. ते ओरडते, आवाज किड्यावर आपटून परत येतो, आणि त्या पडसादावरून किडा कुठे, केवढा, कोणत्या दिशेने निघाला हे त्याला कळते. डोंगरात आपण हाक मारतो आणि पडसाद ऐकतो, तोच हा प्रकार. फक्त ते सेकंदात अनेकदा करते, आणि उडता उडता करते.

मुक्तपुच्छ घराण्याची तऱ्हा थोडी निराळी. ही वटवाघळे झाडांच्या फांद्यांतून न फिरता मोकळ्या आभाळात उंच उडतात. दूरचा किडा टिपायचा तर आवाज जाडा हवा, कारण बारीक आवाज हवेत लवकर विरतो. म्हणून या घराण्यातल्या काहींची ओरड माणसालाही ऐकू येते. म्हाताऱ्यांना नव्हे हो, लहान मुलांना. वय वाढते तसा आपला कान बारीक आवाज ऐकेनासा होतो. संध्याकाळी नातू म्हणाला, “आजोबा, वर कायतरी टिकटिकतंय,” तर त्याला गप्प बसवू नका.

आणि उंच आभाळात ती खातात काय? शेतकरी बंधूंनी इथे जरा कान द्यावा. अमेरिकेतल्या टेक्सास प्रांतात याच घराण्यातले एक वटवाघूळ आहे, गुहांत लाखोंनी राहते. ते रात्री वर जाऊन ज्या पतंगांवर तुटून पडते, ते पतंग मक्याची कणसे आणि कापसाची बोंडे पोखरणाऱ्या अळीचे. आपल्याकडे हरभऱ्यावर येणारी घाटेअळी तिचीच सख्खी बहीण. मादी पतंग शेकड्यांनी अंडी घालते. अंडी घालण्याआधीच ती वटवाघळाच्या पोटात गेली, म्हणजे शेतात उतरणाऱ्या अळ्यांचा हिशेब आपण करावा. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली आठ तालुक्यांएवढ्या टापूचा हिशेब मांडला. वटवाघळांमुळे कापूसवाल्यांचा दरसाल सुमारे सात लाख चाळीस हजार डॉलरांचा फायदा होतो. बारापेड्याच्या वटवाघळांचा असा हिशेब कोणी मांडलेला नाही, तेव्हा मी खोटा आकडा सांगणार नाही. पण किडे खाणारे वटवाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत किडे फस्त करू शकते. औषध फवारायला पंप नको, मजूर नको.

वरून गुहेच्या तळाशी त्याच्या विष्ठेचा थर साठतो. सूर्यप्रकाश नाही, तिथे हिरवे पान उगवत नाही. बाहेरचे अन्न आत येते ते या विष्ठेच्या रूपाने. तिच्यावर बुरशी, बुरशीवर किडे, किड्यांवर कोळी. एका अर्थी सारी गुहा वटवाघळाच्या जिवावर जेवते. ते खत म्हणून चांगले, हे आपल्याला माहीतच आहे. आणि ते काढायला म्हणून माणूस आत शिरतो, हेही.

आता ती कबुली पुरी करतो.

मी पंचविशीत होतो, नुकताच नोकरीला लागलेलो. उत्साह दांडगा. एप्रिलच्या शेवटी परीक्षा आटोपल्यावर दहाबारा मुलांना घेऊन जवळच्या डोंगरातली एक कपार पाहायला गेलो. ही बारापेड्याची नव्हे, तिच्यापासून पुष्कळ लांब. गुराख्याने सांगितले होते, आत वाकून गेले की मोठी खोली लागते. आमच्याजवळ एकच विजेरी, तीही मंद. मग मुलांनी वाळल्या गवताच्या चुडी पेटवल्या आणि मी त्यांना अडवले नाही. उलट मीच पुढे. आत शिरलो, आणि छप्पर हलल्यासारखे झाले. शेकडो वटवाघळे सुटली. तोंडावर पंखांचा वारा, धूर, पोरांचा आरडाओरडा. आम्ही खोकत बाहेर आलो. वटवाघळे भर उन्हात आभाळात भरकटत होती, आणि वर घार आणि शिक्रा जमायला वेळ लागला नाही.

थोड्या वेळाने धूर निवल्यावर एक मुलगा विजेरी घेऊन आत डोकावला आणि म्हणाला, “सर, खाली काहीतरी वळवळतंय.” ती पिले होती. उघडी, गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. आया घाबरून उडाल्या तेव्हा अंगावरून सुटून खडकावर पडलेली. काही जिवंत होती. मुलाने विचारले, “आता त्यांना वर कसं लावायचं?” मला उत्तर देता आले नाही. दोन पिले त्याने रुमालात घेतली. घरी पोचेपर्यंत ती मेली. पुढच्या वर्षी मी एकटाच त्या कपारीशी गेलो. आत नाही गेलो, संध्याकाळभर बाहेर बसलो. एकही वटवाघूळ बाहेर पडले नाही.

वटवाघळाच्या मादीला बहुतेक जातींत वर्षाला एकच पिलू होते. उंदराचे तसे नाही. उंदीर मारले तर दोन महिन्यांत भरून निघतात. वटवाघळांच्या एका वसाहतीचा एक विणीचा हंगाम वाया गेला, की तो वर्षभराचा तोटा. दोन-तीन वर्षे असे झाले, की ती जागाच सोडतात. आणि नवी जागा कुठली? गुहा काय रस्त्याच्या कडेला मांडून ठेवलेल्या नसतात. तिथली उष्णता, तिथला ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही, म्हणून त्यांनी ती निवडलेली असते. तोंडाशी चूल पेटवली, आत दिवे लावले, देव मांडून धूप घातला, तरी हा तोल बिघडतो. माणसाच्या मनात वाईट असावेच लागते असे नाही. माझ्या कुठे होते?

बारापेड्याच्या गुहेत मी का गेलो नाही, ते आता आपणांला कळले असेल. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती मी घेतली होती. परवानगीच्या कागदावर गुहेचे नाव घालून मागितले असते तर कदाचित मिळालेही असते. मी मागितले नाही.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, दोन वटवाघळांची नावे आली: हे रॉटनचे आणि ते सालिम अलींचे. पण त्याच कायद्याने फळे खाणारी बाकीची वटवाघळे कावळ्या-उंदरांबरोबर ‘उपद्रवी’ म्हणून पाचव्या अनुसूचीत घातली होती. त्यांना मारायला आडकाठी नव्हती. २०२२ साली कायदा बदलला, १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला, आणि उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूची गेली. पुष्कळ गावांत अजून ही गोष्ट पोचलेली नाही. बागाईतदार जुन्याच समजुतीने बार काढतात.

मग रोगाचे काय? हा प्रश्न पत्रांतून हटकून येतो, तेव्हा आताच उत्तर देतो. भीती अगदी निराधार नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेत मार्च २०२० मध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेने वटवाघळे तपासली. काहींच्या रक्तात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. म्हणजे त्या विषाणूशी त्यांची गाठ पडली होती. तेव्हा वटवाघळाने अर्धे खाल्लेले फळ पोरांना खाऊ देऊ नये, पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये, त्यांच्या गुहेत श्वास घेत बसू नये. पण यासाठी त्यांना धूर देऊन हुसकणे हा शहाणपणा नव्हे. हुसकलेली वटवाघळे पांगतात, आणि कपारीत होती ती आपल्या माळ्यावर, देवळाच्या गाभाऱ्यात येतात. जवळीक कमी करायची ती आपण वाढवून बसतो.

आता थोडे तळेवाडीविषयी. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका घराच्या ओसरीवर बसलो होतो. घरधनी साठीच्या पुढचे. मी म्हटले, “मामा, तुमच्या गुहेचं नाव पार लंडनला गेलंय.” त्यांनी पान जुळवत ऐकून घेतले. मग म्हणाले, “व्हय, गुहा बघाय लोक येत्यात. आमचा रस्ता बघाय कोण येत न्हाई.”

मला त्याचे उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही. या वाड्या पावसाळ्यात ओढ्यांनी तोडल्या जातात. लाकडी साकवावरून जायचे. साकव वाहून गेला की संपले. आजारी माणसाला डोलीत घालून खांद्यावरून कोसच्या कोस न्यावे लागते. वीज, शाळा, दवाखाना, प्रत्येक गोष्टीला अभयारण्याचा कायदा आडवा येतो किंवा आडवा येतो असे सांगितले जाते. शेवटी मे २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी सरकारची पुनर्वसनाची योजना पत्करली. कुटुंबाला पंधरा लाख रुपये, त्यातले दहा लाख आधी. काहींना आनंद झाला असेल, तरुण पोरांना तर नक्कीच. पण पिढ्यान्‌पिढ्यांचे गावदेव, खाचरे, फणसाची झाडे सोडून जायचे म्हणजे नुसते पैशाचे काम नसते.

यात एक गोष्ट मला खटकते, ती बोलून दाखवतो. वाघासाठी रान मोकळे हवे, हे मला पटते. गुहेतल्या वटवाघळांना माणसाची अडचण फार नव्हतीच. ती आणि ती माणसे शतकभर, खरे तर त्याहून पुष्कळ काळ, शेजारी राहिली आणि गुहा शाबूत राहिली. कोणत्या महिन्यात वटवाघळे जास्त असतात, कोणत्या पावसात कमी, परका माणूस कोणत्या वाटेने आत आला, हे ठाऊक असलेली माणसे त्या ओसऱ्यांवर होती. ती आता तालुक्याच्या बाजूला पांगतील. वनखात्याने त्यांच्यातल्या जाणत्यांना पाहरेकरी म्हणून, वाटाडे म्हणून नेमावे आणि त्यांना ठाऊक असलेले लिहून घ्यावे. वह्यांचा खर्च असा कितीसा?

शिक्षकबंधूंनो, भीमगड आपणांला लांब आहे. पण आपल्या गावाजवळ एखादी कपार, पडका वाडा, जुनी विहीर, बुरुजाचे भुयार असेलच आणि त्यात वटवाघळे असतील. मुलांना आत नेऊ नका, बाहेर न्या. सूर्य मावळायच्या आधी तोंडापासून तीसचाळीस पावलांवर, वाऱ्याच्या आडोशाला बसवा. बोलायचे नाही, विजेरी लावायची नाही. उजेड कमी झाला की पहिले वटवाघूळ बाहेर पडेल, मग दोन, मग लोंढा. एका मुलाने बाहेर पडलेली मोजायची, दुसऱ्याने आत परतलेली. दर दहांना एक खडा डाव्या हातातून उजव्या हातात. अंधार पुरता झाला की खडे मोजायचे, वजाबाकी करायची, आणि वहीत तिथी, तारीख, वेळ, आभाळ कसे होते, आणि आकडा. महिन्यातून एकदा. पहिल्या वर्षी आकडे चुकतील, दोन मुलांचे जुळणार नाहीत. त्याचे काही वाटून घेऊ नका. दुसऱ्या वर्षी वही उघडली की कोणत्या महिन्यात ती वाढतात, कोणत्या महिन्यात नाहीशी होतात, हे मुलेच आपणांला सांगतील. आमच्या त्या कपारीशी मी दरवर्षी मुलांना घेऊन जातो. बरीच वर्षे खडे डाव्या हातातच राहिले. गेल्या आश्विनात मात्र अंधार पडता पडता एका मुलीने माझी बाही ओढली आणि उजवी मूठ उघडून दाखवली. तिच्यात तीन खडे होते.